ओलं फडकं

आमच्या तालमीच्या भिंतीवर एक फळा होता.
अजून आहे, पण आता त्यावर नुसते वाढदिवस असतात.
तेव्हा रोज सकाळी काहीतरी नवीन असायचं,
नळाला पाणी कधी, कोण गेलं,
गटारीचे पैसे कुणी खाल्ले,
आणि रविवारच्या मॅचला समोरच्या पेठेची
कशी जिरवायची त्याचं सविस्तर वर्णन.

खडू सगळ्यांचा. फडकं केरबा अतिग्रेचं.
केरबा गिरणीवाला, भुवयांवर कायम पीठ.
एकदा त्यानं एक ओळ पुसली,
कुणाच्या तरी सुनेबद्दल होती,
आणि फळ्याखालीच बाकडं टाकून बसला
दिवसभर, मांडीवर ओलं फडकं.
लोक आले, भांडले. "तू कोण रं पुसणार?"
"मी केरबा. बस. च्या घे. मग भांड."

मी आता राजारामपुरीत, अकराव्या गल्लीत,
तिसऱ्या मजल्यावर रात्रपाळी करते.
माझ्याकडं फडकं आहे, बाकडं नाही.
एका मजकुराला नऊ सेकंद.
ठेव. काढ. वर पाठव.
वर म्हणजे कुठं, ते आम्हाला सांगितलेलं नाही.

मशीन म्हणतं, ही बघ धमकी,
"उद्या ग्राउंडवर ये भावा, जित्ता गाडतो तुला."
खाली त्या पोराचं उत्तर, "येताना वडा आण."
ठेव.
मशीनला आमची माया लाल दिसते.
इथं दोस्तानं शिवी दिली नाही
म्हणजे तो रुसलाय,
हे त्याला कोण शिकवणार?

मग एक येतो, स्वच्छ, ऱ्हस्व-दीर्घासकट.
"सर्व बंधूंनी शुक्रवारी सायंकाळी
खालच्या गल्लीत दूध घेऊन जमावे, ही नम्र विनंती."
मशीन म्हणतं, निर्धोक.
माझ्या मानेवर काटा.
त्या गल्लीत गोठा नाही.
त्या गल्लीत शमशादआपाचं शिलाईचं दुकान आहे,
दहावीच्या निरोपाला माझा ब्लाऊज तिनं शिवला होता,
पैसे घेतले नव्हते.
काढ. सात सेकंद उरले.
त्या रात्री कुणी मला
अभिव्यक्तीवर चार शब्द ऐकवले असते
तर मी दार लावून घेतलं असतं.

पण
मागच्या वैशाखात एक फोटो आला होता.
पंचगंगेच्या काठाला पांढरी पोटं वर करून मासे,
गुडघाभर फेस,
आणि खाली तीन शब्द, "हे कुणाचं पाणी?"
लिहिणारी सुलाबाई भोई.
चारशे बारा तक्रारी, सगळ्यांचं वाक्य एकच,
सगळ्या रात्री एक वाजून दहा मिनिटांनी.
नियम म्हणाला, विचलित करणारं दृश्य.
मी दमले होते.
काढ.
मासे गेले. पाणी तसंच राहिलं.

तिला एक पत्र गेलं असेल, कुणाचीच सही नसलेलं.
कुणाशी भांडली असेल ती?
कुणाच्या बाकड्यावर बसून च्या पिली असेल?

पाळी संपली की मी गंगावेशीत जाते,
म्हशीच्या कासेखालून थेट ग्लासात,
वर बोटभर फेस.
आज तो फेस ओठाला लावता आला नाही.
ग्लास तसाच ठेवला, तालमीकडं निघाले.

फळ्यावर कुठल्याशा दादांचा वाढदिवस.
त्यांच्या पदव्यांखाली टीचभर जागा होती.
खडू दमट, दोनदा मोडला.
हे कुणाचं पाणी? – सुलाबाई भोई.
त्याखाली बारीक अक्षरात,
हे मी पुसलं होतं,
आणि माझं नाव, आडनावासकट.

केरबाच्या बाकड्याचा एक पाय गेलाय,
खाली वीट लावलीय. बसले.
पहिला आला तो तोंडात ब्रश घेऊन,
गळ्यात टॉवेल, ओठ हलवत वाचलं त्यानं,
मग माझ्याकडं बघितलं.
"तुम्ही कोण ओ?"

मी सरकून त्याला जागा करून दिली.