कंदिलाची काच

हरिपूरच्या पेवात उतरण्याआधी
कंदील सोडायचा असतो, दोराला बांधून.
वात विझली तर खाली माणसाची हवा नाही;
मग तोंड उघडं टाकून थांबायचं, विडी ओढायची,
दुपार कलेपर्यंत.

मी थांबलो नव्हतो.
मुकादमानं विचारलं, सोडलास का रे?
म्हटलं, सोडला की.
एवढंच. दोन शब्द.
त्यात चोरी नव्हती, वैर नव्हतं,
उन्हाचा नुसता कंटाळा होता.

पंधरा हात खोल.
हळदीचा वास आधी गोड लागतो,
मग गुडघे आपले राहत नाहीत.
वरचं आभाळ भाकरीएवढं झालं, मग रुपयाएवढं,
आणि त्यातून कुणीतरी खाली येताना दिसलं
तोंडाला ओला पंचा गुंडाळून.
शांतवन आवळे.
देवळात माझ्याच बाकावर बसायचा,
गाण्यात नेहमी अर्धी ओळ मागं.
त्यानं माझ्या काखेत दोर बांधला.
दोर एकच होता.
तो पुन्हा खाली सोडला तेव्हा
बांधून घ्यायला कुणी जागं नव्हतं.

शुभ शुक्रवारी पाळकसाहेब सांगतात,
ख्रिस्तानं आपली खंडणी भरली.
मी हळदीच्या सौद्यात वाढलेला. मनात विचारतो,
भरली कुणाला? पावती कुणाकडे?
रक्त मापून घेणारा बाप
मला कधी पटला नाही.
मला एवढंच ठाऊक आहे :
जिथं हवा नव्हती तिथं कुणीतरी उतरलं,
आणि ज्याच्यासाठी उतरलं
तो त्या लायकीचा नव्हता.
पुढचं पान मला उलटत नाही.

एकोणीस वर्षं हे पोटात ठेवलं.
प्रभुभोजनाची भाकर
घशाखाली गेली, म्हणजे ढकलली.
यंदा गुरुवारी गेलो टबीथामावशीकडे.
कठड्यावरचा पांढरा कपडा धूत बसली होती,
उद्यासाठी.
आम्हा हमालांच्या बोटांनी दरसाल तो पिवळा होतो.
साबण लागला की हळद लाल होते,
जखम उघडल्यासारखी;
नव्या सुनेला वाटतं, कापड गेलं वाया.
मावशी घासत नाही. उन्हात टाकते.

उभ्यानंच सांगितलं.
तिनं मान वर केली नाही.
“कंदील आमच्याच घरचा. त्या सकाळी
राखेनं काच मीच पुसून दिली होती.
संध्याकाळी त्याच्या चपलांबरोबर आला परत.
काच तशीच. बोटभर काजळी नाही.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून.
म्हणजे दर नाताळच्या करंज्या,
माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला शिवलेलं झबलं,
टायफॉइडात माझ्या उशाशी काढलेली ती रात्र,
सगळं
माहीत असताना.

“मग बोलली का नाहीस?”
“बोलले की. तुझ्याशी नव्हे. वरच्याशी, रोज.
काही सकाळी क्षमा संपलेली असायची
डब्यातल्या पिठासारखी.
मग त्याच्याकडूनच वाटीभर उसनी.
काही दिवस तीही नाही मिळाली. तेव्हा
तू समोरून आलास की मी गल्ली बदलायची.”

म्हटलं, मला काहीतरी शिक्षा दे.
ती हसली की खोकली, कळलं नाही.
“स्वस्तात सुटायला बघतोस होय?
धर ते टोक.”

आम्ही कपडा पिळला,
ती एकीकडे, मी उलटीकडे,
तिच्या मनगटात अजून एवढा जोर.
लाल पाणी माझ्या अनवाणी पायांवर पडलं.
तारेवर टाकला तेव्हा डाग होताच,
जिथं मी दरसाल हात टेकतो
बरोबर तिथं.
“उद्यापर्यंत जाईल?”
“ऊन पडलं तर,” मावशी म्हणाली,
आणि माझ्या पायांकडे बघून
तांब्या आणायला आत गेली.