काटा

तिसरं औषधही हरलं, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी
आचलचं ताटच बदललं.
भाकर बंद, भात बंद, गूळ तर नावालाही नाही.
तेल, लोणी, अंडं,
तेही मोजून.

आर्णीच्या सोनाराकडून जुना काटा आणला.
ज्यावर कधी माझं डोरलं तोललं होतं
त्यावर आता अठरा ग्रॅम लोणी.

शाळेतलं वाढदिवसाचं चॉकलेट
ती मुठीतच घरी आणते, वितळलेलं,
भावाला देते.
बोटं चाटत नाही.

वहीत फिटांच्या रेघा:
दिवसाला नऊ, अकरा,
एकदा तर मोजणंच सुटलं.
या आठवड्यात दोन.

गुंफाबाई दारातून विचारते,
काहून उपाशी मारतं वं पोरीले?

काट्याची सुई थरथरते आहे.
ती थांबेपर्यंत
मी कुणाशी बोलत नाही.