सातवा आकडा

मतदान नऊला बंद होणार.
साडेसातपासून पेट्रोल पंपावरच्या माझ्या काउंटरला
चार माणसांची कोपरं टेकलेली,
आणि काचेआड सॉसेज रोल एकच उरलेला.

वर टीव्हीत सहा चेहरे.
वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, जनता ठरवणार,
फोन करा, एक ते सहा, कॉलला साठ सेंट.

एक नंबर गोल्फवाला.
फाख्तना म्हणाला, "कर चुकवायला दुबईत राहतो.
इथल्या गवतावर शेवटचा पाय कधी ठेवला त्यानं?"
मॅलकी म्हणाला, "चेंडूला कोणी पत्ता विचारत नाही.
खड्ड्यात गेला की गेला."
"तसं तर माझी मेंढीही गेल्या आठवड्यात
खड्ड्यात गेली. तिलाही द्या बक्षीस."

चार नंबर हर्लिंगचा टूही.
अंतिम सामन्यात बोट मोडलं, पट्टी बांधून परत आला, हरला.
"हरलेल्याला कशाला?"
"हरलेल्यालाच तर."
इथे दोघांचे आवाज चढले,
कारण टूही मॅलकीच्या गावचा नाही
आणि फाख्तनाच्या सासुरवाडीचा आहे.
वाद कुठूनही निघो, आमच्याकडे तो
शेवटी कुणाच्या तरी बांधाशी येऊन उभा राहतो.

मी गप्प. माझं मत दुपारीच देऊन झालेलं,
पाच नंबरला, मुष्टियुद्धवाल्या सायवला.
फेब्रुवारीत एका रात्री ती इथे थांबली होती,
डावा डोळा आलुबुखारासारखा.
बर्फाची पिशवी मागितली.
"राहू दे पैसे," म्हटलं, तर मोजून नाणी ठेवली
आणि काउंटरवर ओघळलेलं पाणी
स्वतःच्या बाहीनं पुसलं.
ठोसे मला कळत नाहीत.
मी त्या बाहीला मत दिलं.

मग पडद्यावर तीन नंबर, जॉकी डॉनका,
हातात चषक, दात सगळे बाहेर.
कोलमन नालबंद इतका वेळ
चहा ढवळत होता. साखर घातलीच नव्हती.
"शेवटच्या अडथळ्यावर याचा पाय रिकिबीतून सुटला," तो म्हणाला.
"वीस ढांगा हा मानेला लोंबत होता,
दोरीवरच्या ओल्या पँटसारखा.
तेव्हा धावत कोण होतं?"

फ्रीजची घरघर ऐकू आली.

"मंडे पोस्टचे नाल मी ठोकलेत.
पुढचा उजवा खूर चिरलेला होता तिचा, शर्यतीच्या आधीपासून.
ती का नाही यादीत?"
"घोडी आहे रे ती," फाख्तना म्हणाला, जरा हळूच.
"मग?"
या "मग"ला आमच्यापैकी कोणाकडेही
उत्तर नव्हतं. मॅलकीनं शेवटचा रोल घेतला.

म्हातारी गोबनेट, जी फक्त दुधासाठी आली होती
आणि दीड तास दुधाची बाटली कुशीत धरून उभी होती,
तिनं पिशवीतून फोन काढला.
"कितवा आकडा दाबायचा घोडीसाठी?"
"तिला आकडाच नाही, गोबनेट."
"सहानंतर सातच येतो ना अजून?"

दाबला.
फोनमधली बाई म्हणाली, हा पर्याय उपलब्ध नाही.
"थँक यू, बाळा," गोबनेट म्हणाली, आणि पुन्हा लावला.
बाई तेच म्हणाली. गोबनेटनंही तेच म्हटलं.
तिसऱ्यांदा चष्मा कपाळावर सरकवून, जीभ दातांत धरून,
तिनं अगदी सावकाश दाबला.
या वेळी पलीकडची बाई काही वेगळंच बोलली,
आणि गोबनेटनं घाईघाईनं फोन बंद केला.

नऊ वाजले. सव्वानऊला निकाल.
गोल्फवाला जिंकला. दुबईहून,
पाठीमागे निळा जलतरण तलाव,
त्यानं घरच्या मातीचे आभार मानले.
फाख्तनानं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

कोलमननं खिशातून नाणी काढून
गोबनेटसमोर मांडली: साठ, साठ, साठ.
"घोडीच्या वतीनं," म्हणाला.

तिनं दोन ढीग उचलले,
तिसरा बोटानं त्याच्याकडे परत सरकवला.
"हा नको," ती म्हणाली, दाराकडे बघत.
"तो चुकून एकला लागला."