पाऊण इंची

मशीनची नळी पाऊण इंची,
भिंतीतला नळ अर्धा.
एवढ्यावरून तौसीफ तासभर ओट्याखाली
नुसते पाय बाहेर ठेवून पडून राहिला,
आणि मी टॉर्च धरून.
"मॅडम, इकडे. नाही, अजून खाली. माझ्या डोळ्यांत नको."

डॉक्टर म्हणाल्या होत्या, हात कोरडे ठेवा.
दिवाळीपासून पेरांना चिरा पडल्यात,
त्या हिरव्या वडीने.
दोन वेळचा स्वयंपाक करून
हात कोरडे कसे ठेवायचे
ते चिठ्ठीवर नव्हतं.
म्हणून हे मशीन. हप्त्यावर.

बोहरी आळीत दुकानदाराने विचारलं, "नमुना आणलाय?"
नमुना भिंतीत होता.
मी अंगठा आणि तर्जनी धरून दाखवलं: एवढं.
त्याने पाहिलं, चिरांकडे नाही,
मधल्या रिकाम्या जागेकडे,
आणि मागे न वळता
नेमका तोच पितळी तुकडा काढून दिला.

टेपचे बारा वेढे. पाना. आणखी अर्धा फेरा.
टँकरचं पाणी जड, म्हणून मशीनला किलोभर मीठ.
पहिल्या खेपेला भांडी नाहीत, नुसतं पाणी.
तासाभराने फ्रिजखालून एक ओली रेघ आली,
थांबत थांबत,
पत्ता विचारत आल्यासारखी.

तौसीफ तीनदा आला.
नवा वायसर, नवी नळी, पुन्हा टेप.
गुरुवारी महापालिकेने पाणी बंद ठेवलं,
टाकी दुपारीच संपली,
तेवढा एक दिवस गळती नाही.

शुक्रवारी दारात खासनीस.
खालच्या मजल्यावरचे. स्कूटरच्या जागेवरून
आमचं बोलणं कधीचं तुटलेलं.
"खाली या," म्हणाले. एवढंच.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर ओल,
आणि ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ.
रेघेबाहेर रेघ, तिच्याबाहेर आणखी एक,
प्रत्येकीवर तारीख,
भूमी अभिलेख खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या
बारीक, सरळ अक्षरात.
मी स्टुलावर चढले.
सगळ्यात आतली रेघ वाटीएवढी:
अकरा ऑगस्ट. चार वर्षांपूर्वीची.

"तुमचं मशीन निर्दोष आहे," ते म्हणाले.
"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"
"बोलणं बंद होतं ना आपलं."
स्टूल मात्र घट्ट धरून उभे होते.

तौसीफने दोन फरश्या फोडल्या.
आत जुना लोखंडी एल्बो,
चहात बुडवलेल्या खारीसारखा.
त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला
तर तळहातावरच त्याचे पापुद्रे सुटले.
मशीन येईपर्यंत मी कधी ओट्याखाली
टॉर्च घेऊन वाकलेच नव्हते.

काल रात्री अकराला मशीन लावलं.
चौदा ताटांचं आहे, माझी दोन आणि शनिवारी आलेल्या धनूचं एक.
लोखंडी कढई त्याला चालत नाही,
लाटणं नाही, आईचा पितळी डबा नाही.
ते सगळं अजून माझ्याच हातांना.

जोडाखाली पेपर पसरला, गुडघ्यांवर बसले.
टॉर्चच्या गोलात छोट्या जाहिराती:
वन बीएचके, धायरी, शाकाहारी कुटुंबास.
हार्मोनियम विकणे आहे.
अक्षर न् अक्षर कोरडं.

फोन थरथरला. खासनीस.
"११.४०. कोरडे."
मग, "१२.०५. कोरडे."
म्हणजे तेही जागे,
मान वर करून.

मी लिहिलं, झोपा आता. पुसलं.
लिहिलं, छताच्या रंगाचं मी बघते.
बराच वेळ नुसती टिंबं हलत राहिली.
"रंग नको. नोंद आहे."

मशीन पाणी सोडायला लागलं.
मी टॉर्च परत लावला.