अकरावा दिवस

जेवण झालं की नोदार अजूनही गॅलरीत जातो,
कुतैसीच्या थंडीत, बिनकोटाचा,
आणि तिथं गेल्यावर त्याला कळत नाही
हातांचं काय करायचं.

मी अक्रोड देते, न फोडलेले.
तो फोडतो. टरफलं
जुन्या ॲशट्रेतच टाकतो.

काल ओरडला माझ्यावर, मिठावरून.
मीठ बरोबर होतं.
मी काही बोलले नाही; मग बोललेच,
आणि दोघंही गप्प.

आज त्याचा कोट झटकताना
अस्तरात सापडली एक, वाकलेली.
चुलीपर्यंत नेली.
पण फेकायची तर त्यानंच.
परत ठेवली, होती तशी.

रात्री खाली रिओनीचं पाणी
आणि वर टक्, टक्.
मोजत नाही म्हणते मी,
आणि मोजते.