पाठीवर लिहिलेलं

देवळाली कॅम्पातला खुबचंदानी आला,
खिशातून भिंग काढलं, आणि आधी
एकेक ताटली पालथी केली.
येशूकडे त्याने पाहिलंच नाही.
"नंबर आहेत. खोकी आहेत का? सर्टिफिकेटं?"
खोक्यांत आईने लसूण भरला होता.
सर्टिफिकेटं पपांच्या बायबलात होती,
आणि बायबल पपांच्या छातीवर ठेवूनच
आम्ही पेटीचं झाकण लावलं होतं.

अकरा ताटल्या. बारावीच्या जागी खिळा
आणि भिंत नवी होती तेव्हाच्या रंगाचा एक गोल.
काना गावचं लग्न होतं तिच्यावर.
रात्री यार्डात मालगाडीचे डबे जोडताना
जो धक्का बसला त्यात ती खाली आली,
आणि आई अंथरुणातूनच म्हणाली,
बरं झालं, रांजण रिकामे होते.

दर नाताळाला एक. म्युनिकहून.
अलीशिबा आत्या पाठवायची,
तिकडच्या वर्तमानपत्रात सात घड्या घालून.
ती तिथे म्हाताऱ्यांना अंघोळी घालायची
आणि पत्रात लिहायची, इथे बर्फ आहे, इथे बरं आहे.

पपा प्रेसमध्ये. चेकर.
एकतीस वर्षं तिकिटांचे ताव डोळ्यांखालून,
रंग रेषेबाहेर गेला की फुली.
सुटताना गेटवर झडती,
घरी आणता येतील असे फक्त डोळे.
ते डोळे घेऊन भोंगा झाल्यावर
भिंतीसमोर बसायचे, चहा निवेपर्यंत.
शरणपूरहून पाळकसाहेब आले होते एकदा.
"हिवाळे, ही मूर्तिपूजा तर नव्हे?"
"पूजा कसली," पपा म्हणाले, "छपाई बघतोय."

सातवीत चूक होती.
मरीयेच्या पदराचा निळा
केसभर घसरून कानावर आलेला.
निळा कान. बाळाच्या तळव्यालाही जरासा.
प्रेसमध्ये असती तर भट्टीत गेली असती,
मोजून, दोन सह्या घेऊन.
पपांनी तिला दाराजवळची जागा दिली,
चप्पल घालून मान वर केली की समोर तीच.
इतकंच म्हणाले, "ही सुटली."

आईचा राग वेगळाच.
भरीत स्टीलमध्ये, नाताळ स्टीलमध्ये,
जावई आले तरी स्टीलमध्ये,
आणि चिनी माती भिंतीवर, उपाशी.
पपांनी एक ताटली उलटी करून
बारीक इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली:
केवळ शोभेसाठी. अन्न वाढू नये.
रंगांतून विष उतरू शकतं.
"कुठल्या देवाच्या ताटात विष असतं हो?"
पपा पुन्हा भिंतीकडे वळले.

खुबचंदानीने दहा घेतल्या.
अकरावी परत केली.
"डिफेक्ट आहे मॅडम, कानाला. कोणी घेणार नाही."
तोही पपांइतकंच नीट बघत होता,
हे मला कबूल करावं लागलं.

रिक्षा जेलरोडकडे वळली तेव्हा
आई ताटली नळाखाली धरून होती.
घासणी नाही, नुसत्या हाताने धुतली,
पदराने पुसली,
वर बाजरीची भाकरी, ठेचा, तेलाची धार.
आई, अगं पाठीवर लिहिलंय.
"मी कुठे पाठीवर जेवतेय."

सावकाश जेवली. भाकरी
कडेकडेने मोडत गेली तसतसा
आधी तळवा वर आला,
मग पदर,
मग कान.
गालावर ठेच्याचा एक हिरवा कण उरला होता.
तो तिने बोटाने टिपला, खाल्ला,
आणि हात वाळेपर्यंत
ताटलीकडे बघत राहिली.

प्रेसचा भोंगा झाला.
सवयीने मी चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं,
मग आणखी एक कप पाणी घातलं,
कुणासाठी ते आईनेही विचारलं नाही.