साधा मजकूर

आउद्रोनेचा फोन, आज चौथ्यांदा.
"जोडलंय मी! ती वाकडी क्लिप दिसतेय मला.
मग त्याला का नाही?"

तो, म्हणजे भाऊ, हॅलिफॅक्सला.
त्याच्या पडद्यावर नुसतं
विनमेल डॉट डॅट नावाचं गाठोडं,
कशानेच न सुटणारं.

मी क्लायपेडा बंदराच्या कचेरीत, तळघरात.
फाइलचा आकार पाहिला, स्पॅम उपसलं,
सर्व्हरला उगाच शिव्या घातल्या.
सापडलं शेवटी:
तिची जांभळी, तिरपी, नटवी अक्षरं.
तीच फोटोंना पोटात घेऊन बसत होती.

'साधा मजकूर' निवडला.
रंग गेला, वळणं गेली,
आणि पोचली
वडिलांची होडी, विकण्याआधीची,
तिन्ही बाजूंनी.

संध्याकाळी तिनं त्याचं उत्तर वाचून दाखवलं:
मिळाले गं सगळे.
पण रागावलीस का?
पत्र किती कोरडं.